तातडीची गोळी : हिशेब रुपयांचा आणि तासांचा

तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल बायका सगळ्यात आधी विचारतात ते 'केवढ्याला मिळते?' उत्तर सोपे आहे. मेडिकलमध्ये एक गोळी साधारण ८० ते १५० रुपयांना, आशाताईंकडे २ रुपयांना आणि सरकारी दवाखान्यात फुकट. पैशांपायी सहसा अडत नाही, अडते ते वेळेपाशी. रविवारी सकाळी घ्यायची गोळी लाजेपायी किंवा 'बघू, पाळी येईलच' म्हणत मंगळवारवर गेली तर पाकिटाची किंमत तीच राहते, गुण मात्र पुष्कळ खाली येतो. म्हणून इथे रुपयांच्या जोडीने तासांचाही हिशेब मांडला आहे.

गोळी काय करते, काय करत नाही

दुकानात मिळणाऱ्या या गोळ्यांची नावे वेगवेगळी असली तरी आत औषध एकच असते : लेव्होनॉर्जेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम. पाकिटात एकच गोळी असते, ती पाण्याबरोबर गिळायची. रोजच्या गर्भनिरोधक गोळीत असते त्याच जातीचे हे हार्मोन, फक्त मात्रा मोठी. अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे ते पुढे ढकलते. पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. तेवढ्या काळात बीज बाहेर आलेच नाही तर गर्भ राहत नाही. बीज आधीच सुटले असेल तर मात्र गोळीचा उपयोग होत नाही. ते नेमके कधी सुटणार हे कॅलेंडर पाहून खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे 'आत्ताच तर पाळी झाली, काही होत नाही' या भरवशावर थांबू नये.

ही गर्भपाताची गोळी नाही. दिवस गेलेले असतील तर तिच्याने गर्भ पडत नाही, आणि दिवस गेल्याचे माहीत नसताना चुकून घेतली तरी गर्भाला इजा होत असल्याचे आढळलेले नाही. पुढे मूल होण्यातही तिची आडकाठी येत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती घेता येते. 'एकदा घेतली की पुढे मूल होत नाही' ही समजूत अजून सर्रास ऐकू येते. माझ्या मते या एका समजुतीने जेवढ्या बायकांना गोळीपासून लांब ठेवले आहे, तेवढे किमतीने ठेवलेले नाही.

बहात्तर तास म्हणजे किती वाजेपर्यंत

पाकिटावर '७२ तास' लिहिलेले असते आणि तिथेच घोटाळा होतो. लोकांना वाटते, तीन दिवसांची मुदत आहे, तिसऱ्या दिवशी घेतली तरी तेच. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा एक मोठा अभ्यास १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एरवी जेवढ्या गर्भधारणा झाल्या असत्या, त्यांतल्या किती टळल्या हे त्यात मोजले होते. पहिल्या २४ तासांत गोळी घेतली त्यांच्यात ९५ टक्के टळल्या, २५ ते ४८ तासांत घेतली त्यांच्यात ८५ टक्के आणि ४९ ते ७२ तासांत घेतली त्यांच्यात ५८ टक्के. तेव्हा औषध दोन गोळ्यांत, बारा तासांच्या अंतराने देत. आता तेवढेच औषध एका गोळीत असते. पुढच्या अभ्यासांत हे आकडे थोडेफार इकडेतिकडे झाले, सल्ला मात्र तोच राहिला : जितक्या लवकर, तितके बरे.

समजा, शनिवारी रात्री अकराला निरोध फाटला. पहिले २४ तास रविवारी रात्री अकराला संपतात आणि ७२ तास मंगळवारी रात्री अकराला. रविवारी प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी बंद, तालुक्याच्या गावी निम्मी मेडिकल दुपारनंतर बंद. तेव्हा रविवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जावे. शहरात मोठ्या हॉस्पिटलला लागून असलेली मेडिकल बहुधा रात्रभर उघडी असतात, म्हणजे शनिवारी रात्रीच काम होऊ शकते. मोबाईलवरच्या औषधांच्या अॅपवरही गोळी मिळते, पण तिथे किंमत पाहण्याआधी 'कधी पोहोचणार' ते पाहावे. दहा-वीस रुपयांच्या सवलतीसाठी 'परवा दुपारपर्यंत' असे उत्तर येत असेल तर सरळ चप्पल घालून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जावे.

मंगळवारची रात्र उलटून गेली तरी सगळे संपत नाही. पाच दिवसांपर्यंत, म्हणजे या उदाहरणात गुरुवारी रात्रीपर्यंत, गोळी घेता येते, पण तेव्हा तिच्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. त्या टप्प्यावर तांबीचा विचार करावा. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

आणखी एक गोष्ट. ही गोळी झालेल्या संबंधासाठी असते, पुढच्यासाठी नव्हे. रविवारी गोळी घेतली आणि बुधवारी पुन्हा काही न वापरता संबंध आला तर रविवारची गोळी बुधवारी राखण करत नाही. उलट, पुढे ढकललेले बीज नेमके त्या आठवड्यात सुटण्याची शक्यता असते. गोळी घेतल्यानंतर पाळी येईपर्यंत दर वेळी निरोध हवा.

काउंटरवर काय मागायचे

या गोळीला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. भारतात २००५ पासून ती चिठ्ठीशिवाय मिळते. लग्नाचा दाखला, नवऱ्याची सही, आधार कार्ड यांतले काही मागण्याचा दुकानदाराला अधिकार नाही. पुरुषही जाऊन आणू शकतो, आणि माझे म्हणणे असे की त्यानेच जावे. निरोध दोघांचा फाटलेला असतो, मग काउंटरवरची नजर एकटीने का सोसायची?

प्रत्यक्षात काय होते? बाई इतर गिऱ्हाइके जाईपर्यंत बाजूला थांबते, मग हळू आवाजात 'ती... अनवॉन्टेड द्या' म्हणते. इथे थांबून नीट बघा, कारण या नावाने एकाच कंपनीची तीन वेगवेगळी औषधे दुकानात असतात. 'अनवॉन्टेड-७२' ही तातडीची गोळी, पाकिटात एक. 'अनवॉन्टेड-२१' ही रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी, पाकिटात २१. आणि 'अनवॉन्टेड किट' म्हणजे गर्भपाताच्या गोळ्यांचा संच, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. तो डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे आणि देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे. नुसते 'अनवॉन्टेड' म्हटले आणि घाईत पुडी काळ्या पिशवीत गेली तर घरी पोहोचल्यावर कळते की भलतेच आणले. म्हणून आकडा धरून मागावे, नाहीतर 'लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम' असे कागदावर लिहून तो कागदच पुढे करावा. बोलण्याचा संकोचही वाचतो. 'आय-पिल'मध्येही हेच औषध असते, त्यामुळे महाग पाकीट जास्त गुणाचे असे काही नाही. दुकानात जे स्वस्त असेल ते घ्या.

पैसे देण्याआधी पाकिटाच्या मागच्या बाजूवर तीन गोष्टी बघा : औषधाचे नाव व मात्रा, मुदत संपण्याची तारीख आणि छापील किंमत. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. रात्रीची वेळ आहे, माल संपत आलाय, अशी कारणे सांगून कुणी जादा मागितले तर बिल मागा. बहुतेक वेळा बिल म्हटल्यावरच आकडा खाली येतो. नाही आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. पण वाद नंतर घाला. गोळी आधी घ्या, भांडणात तास घालवू नका.

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजमधली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, तरी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून ते १९५३ पर्यंत मराठीत या विषयावर उघडपणे लिहीत राहिले. मराठीत इतकी वर्षे छापून येत असलेली गोष्ट आजही काउंटरवर कुजबुजत मागावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आशाताई, उपकेंद्र, सरकारी दवाखाना

२०११ मध्ये केंद्र सरकारने आशाताईंमार्फत गर्भनिरोधके घरपोच देण्याची योजना सुरू केली. तिचे दर असे : तीन निरोधांचे पाकीट १ रुपया, रोजच्या गोळ्यांचे महिन्याचे पाकीट १ रुपया आणि तातडीची एक गोळी २ रुपये. ही सरकारी गोळी 'ईझी पिल' नावाने येते. आत औषध तेच, मात्राही तीच. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्सताईंकडे ती फुकट मिळते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासण्याही विनाशुल्क आहेत.

अडचण असते ती साठ्याची. आशाताईंच्या पिशवीत त्या दिवशी गोळी असेलच असे नाही. तेव्हा आधी फोन करावा, 'नाही' म्हटल्यास तिथेच न थांबता मेडिकल गाठावे. दुसरी अडचण गावातल्या ओळखीची. आशाताई तीन घरे पलीकडे राहतात, सासूच्या भजनी मंडळात असतात. अशा वेळी एखादीला तालुक्याला जाऊन शंभर रुपये मोजणे बरे वाटले तर त्यात गैर काही नाही. त्या पैशांत तिने स्वतःचा खासगीपणा विकत घेतलेला असतो.

कुठेच तातडीची गोळी मिळाली नाही तर एक जुना मार्ग आहे. 'माला-डी' किंवा 'माला-एन'च्या पाकिटातल्या हार्मोनच्या पांढऱ्या गोळ्या, चार आत्ता आणि चार बारा तासांनी. गडद रंगाच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, त्यांचा इथे उपयोग नाही. या मार्गाने गुण कमी येतो आणि मळमळ-उलट्या जास्त होतात. नर्सताई किंवा डॉक्टरांना फोनवर विचारूनच करावे.

तांबी : सगळ्यात खात्रीचा उपाय

तातडीच्या उपायांत सर्वांत परिणामकारक उपाय गोळी नाही, तांबी आहे. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत गर्भाशयात तांबी बसवली तर गर्भ राहण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. तांब्यामुळे शुक्राणू निकामी होतात, त्यामुळे बीज सुटले की नाही याच्यावर सगळे अवलंबून राहत नाही. शिवाय ती तशीच ठेवली की प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे दुसरे काही वापरायला नको. नको झाली की काढता येते.

सरकारी रुग्णालयात तांबी फुकट बसवून मिळते. खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणी धरून साधारण दीड ते पाच हजार रुपये पडतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांत याहून जास्तही. फोन करतानाच विचारून घ्या : 'तांबीची किंमत, बसवायची फी आणि महिन्याने पुन्हा दाखवायची फी, सगळे मिळून किती?' हे तिन्ही आकडे एकदम विचारले नाहीत तर बिल तुकड्यातुकड्यांनी वाढत जाते. फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही १९४९ पासून काम करणारी संस्था आहे. मुंबई-पुण्यात तिची केंद्रे आहेत, तिथेही चौकशी करता येईल. बसवताना पाळीसारखी कळ येते, पहिले काही महिने अंगावरून जास्त जाऊ शकते. ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल तर आधी त्यावर उपचार करावे लागतात.

ज्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे

क्षयाचे औषध चालू असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. क्षयावरच्या औषधांतले रिफाम्पिसिन शरीरातले लेव्होनॉर्जेस्ट्रेल भराभर संपवते, त्यामुळे एका गोळीचा गुण अपुरा पडतो. फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटल ही औषधे आणि एचआयव्हीवरचे इफाविरेन्झ यांचेही तसेच. ही औषधे बंद करून चार आठवडे झाले नसतील तरी तेच लागू. अशा बाईसाठी तांबी उत्तम. ते शक्य नसेल तर दुप्पट मात्रा, म्हणजे दोन गोळ्या एकदम, देतात. ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. क्षयाचे किंवा फिट्सचे औषध मात्र स्वतःहून बंद करायचे नाही. मेडिकलवाला हे विचारेलच असे नाही, तुम्हीच सांगा. वजन जास्त, साधारण सत्तर किलोंच्या पुढे, असेल तरीही गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. तिथेही हाच सल्ला.

गोळी घेतल्यावर

मळमळ, डोकेदुखी, छाती दुखरी होणे, थोडे डाग दिसणे, थकवा. हे एक-दोन दिवसांत जाते. काहीतरी खाऊन गोळी घेतली तर मळमळ कमी जाणवते. दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यावी लागते (काही पाकिटांवर तीन तास लिहिलेले असते, ते पाळा). म्हणजे खर्च दुप्पट, पण इथे काटकसर करू नये.

पाळी ठरल्या तारखेच्या काही दिवस मागेपुढे होते. तारखेवर सात दिवस उलटले तरी आली नाही, किंवा संबंधाला तीन आठवडे झाले आणि शंका आहे, तर लघवीची चाचणी करा. मेडिकलमध्ये पट्टी ५०-६० रुपयांना मिळते. आशाताईंकडचे 'निश्चय' किट फुकट असते. गोळी घेतल्यानंतर चार दिवसांनीच पट्टी लावली तर ती खरे उत्तर देत नाही, पैसे मात्र जातात. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, अंगावरून जाणे असे काही झाले तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. गर्भ नळीत राहिला असण्याची शक्यता तपासावी लागते.

तेव्हा वेळेत केलेल्या उपायाचे बिल असे : गोळी शंभरेक रुपये, पट्टी साठ, एकूण दोनशेच्या आत. दिवस गेलेच तर खासगीत डॉक्टरची फी, सोनोग्राफी, गर्भपाताची औषधे किंवा पिशवी रिकामी करण्याची प्रक्रिया मिळून काही हजार होतात, शिवाय रोजगार बुडतो तो वेगळा. पण तशी वेळ आलीच तर लपूनछपून काही करू नका. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये सुधारला आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करता येतो आणि गर्भनिरोधक निकामी ठरले हे कारण अविवाहित बाईलाही लागू आहे. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती पुरते. गोळ्यांनी होणारा गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयात ही सेवा मिळते.

जबरदस्ती झाली असेल तर

या प्रसंगी किमतीचा प्रश्नच उद्भवता कामा नये. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला सरकारी असो वा खासगी, प्रत्येक हॉस्पिटलने तातडीचे उपचार विनामूल्य द्यायचे आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९७ व्या कलमात तसे बंधन आहे. त्यात तातडीची गोळी येते, आणि एचआयव्ही टाळणारे औषधही. ते ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवे आणि २८ दिवस घ्यायचे असते. पोलिसांत आधी जाऊन या, मग बघू, असे कुणी म्हणाले तर ते चूक आहे. उपचार आधी. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आणि आपत्कालीन ११२. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सो कायद्यानुसार हॉस्पिटलला पोलिसांना कळवावे लागते, पण त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

पुढच्या महिन्याची सोय

ही गोळी पुन्हा घ्यावी लागली तर जिवाला धोका नाही, पण दर महिन्याला तिच्यावर विसंबणे परवडणारे नाही. पाळीचे वेळापत्रक बिघडते, आणि रोजच्या साधनापेक्षा ती कमी भरवशाची. महिन्यातून दोनदा गोळी म्हणजे वर्षाला दोन-अडीच हजार रुपये होतात. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन फुकट आहे. 'छाया' गोळी फुकट आहे, ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. 'माला-एन' फुकट, निरोध फुकट, तांबी फुकट. यांतले कुठले तुम्हाला मानवेल हे तपासून घ्यावे लागते, त्यासाठी एक फेरी पुरते. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांपासून मात्र फक्त निरोधच वाचवतो, बाकी काहीच नाही.

आणि हो, गोळी आधीच आणून घरात ठेवता येते, त्यात बेकायदा काही नाही. एस.टी.ची सोय नसलेल्या गावात राहणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या किंवा नवरा महिन्यातून एकदाच घरी येतो अशा बायकांनी तर ठेवावीच. थंड, कोरड्या जागी, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी. दर दिवाळीच्या आवराआवरीत पाकिटावरची मुदत बघा. संपली असेल तर टाकून द्या आणि नवी आणा.